टेव्हियनने मागितलेला माणूस

जानेवारीच्या शेवटी आम्ही घरच्या कोर्टवर एकेचाळीस गुणांनी हरलो. तिसरा क्वार्टर संपायच्या आतच लोक कोट चढवून पार्किंगकडे निघाले होते. जे थांबले त्यांच्यात एक अख्खं कुटुंब डोक्यावर कागदी पिशव्या घालून बसलं होतं, डोळ्यांपुरती भोकं पाडून. आपला संघ इतका वाईट खेळायला लागला की बघायला आलो हेसुद्धा कुणाला कळू नये, असा त्याचा अर्थ. त्यातल्या सगळ्यात छोट्या पिशवीखालचं पोर पॉपकॉर्न खात होतं, आणि दर घासाला त्याला पिशवी उचलावी लागत होती. मला बास्केटकडे बघायचं सोडून तेच दिसत राहिलं.

लुइव्हिल पायलट्स हा आमचा संघ. आमच्यातला सगळ्यात मोठा खेळाडू चोवीस वर्षांचा होता. बाकी आम्ही सगळे एकवीस-बावीसचे. आमच्यात उडी होती, वेग होता, दम होता. फक्त जिंकता येत नव्हतं. त्यातही नुसते हरायचो असं नाही. वीस गुणांनी पुढे असायचो आणि मग हरायचो. जिंकायची सवय नसली की मागे असताना भीती वाटत नाही, पुढे असताना वाटते. शेवटची पाच मिनिटं आली की प्रत्येकाला वाटायचं, चेंडू आपल्या हातात नको.

टेव्हियन ब्रूसार्ड तेवढा वेगळा. आमच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत तो देशात दुसरा निवडला गेला होता. मी, एमरी गेन्स, त्याच निवडीत अगदी तळाला, हॉल अर्धा रिकामा झाल्यावर. पण लुइव्हिलला आम्ही एकाच दिवशी आलो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या आईने मला जेवायला बोलावलं. तेव्हापासून माझ्या घरातली चूल मी फारशी पेटवली नाही. मिस ओडेट दक्षिणेतल्या उबदार लेक चार्ल्सच्या. मुलाची निवड झाल्यावर तिथलं सगळं आवरून, धाकट्या लेकीला, नोएलला घेऊन, त्या मुलामागे थंडीत राहायला आल्या होत्या. रविवारी चर्चहून आल्या की त्यांच्याकडे गंबोचं, त्यांच्याकडच्या खेकडा-कोळंबीच्या दाट रश्श्याचं, मोठं पातेलं चढायचं.

त्या एकेचाळीसच्या हरण्यानंतरच्या रविवारी टेव्हियनने भात वाढून घेतला आणि चमचा हातातच धरून म्हणाला, "आपल्याला म्हातारे पाहिजेत."

"आई आहे की," नोएल म्हणाली.

"एक देईन ठेवून," मिस ओडेट पातेल्यातून मान न काढता म्हणाल्या.

"मी खरंच सांगतोय. आपल्या लॉकर रूममध्ये एकानेही काही जिंकलेलं नाही. मी चुकलो की एमरीकडे बघतो, एमरी चुकला की माझ्याकडे बघतो. आंधळ्याने आंधळ्याला रस्ता विचारायचा."

"आणि म्हातारे आले की आपण बाकावर," मी म्हणालो.

"बाकावर बसून जिंकलेलं चालेल मला."

"तू कशाला बसशील? तुला कोण बसवणार? बसणार मी."

टेव्हियनला खोटं बोलता येत नसे, म्हणून मला तो आवडायचा आणि म्हणूनच कधीकधी नकोसा व्हायचा. "हो," तो म्हणाला. "तू बसशील."

मिस ओडेटनी माझ्या ताटात खेकड्याचा एक तुकडा जास्त टाकला.

त्याच्या डोक्यात एक नाव पक्कं बसलं होतं: सॅन डिएगोचा कॉर्डेल मॅडॉक्स. चौतीस वर्षांचा, गुडघ्यांना पट्ट्या, पण त्याचा संघ दरवर्षी प्लेऑफमध्ये, हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, जायचा. नोव्हेंबरात आम्ही तिथे खेळलो तेव्हा मॅडॉक्स टेव्हियनला अडवत होता, आणि अडवता अडवता बोलत होता. 'आता तुझा तो उंच दोस्त डावीकडून येणार. तू त्याला पास देणार. तो घाई करणार.' मी डावीकडून गेलो, टेव्हियनने पास दिला, मी घाई केली. सामना संपल्यावर मॅडॉक्सने टेव्हियनचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "पोरांनो, तुम्ही चांगले आहात. पण सगळे मुके खेळता. कोणी कुणाशी बोलतच नाही." हे वाक्य टेव्हियनने मला निदान वीसदा तरी ऐकवलं असेल.

सोमवारी तो मला ओढतच जनरल मॅनेजरच्या ऑफिसात घेऊन गेला. संघात कोण येणार, कोण जाणार, हे लेनोर हॅचर ठरवायच्या. कॉलेजात स्वतः खेळलेल्या, सहा फूट उंच बाई; खुर्चीत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खिडकीपाशी उभ्या राहून त्या गार झालेली कॉफी प्यायच्या. टेव्हियनने सगळं सांगितलं, मॅडॉक्सचं नावही घेतलं.

"माझ्याकडे खेळाडू येतात ते जास्त खेळायला मिळावं म्हणून, नाहीतर मला दुसरीकडे पाठवा म्हणून," त्या म्हणाल्या. "म्हातारा आणून द्या म्हणून आलेला तू पहिलाच."

"आणून द्या, मॅडम."

"सॅन डिएगोवाल्यांच्या मनात सगळा संघ मोडून नवा करायचा विचार आहे, हे खरंय. पण फुकट कोण देतंय? मी काय देऊ?"

"जे लागेल ते."

"नीट विचार करून बोल, टेव्हियन."

"विचार करूनच आलोय."

हॅचरबाईंनी कॉफीचा घोट घेतला आणि कपावरून माझ्याकडे पाहिलं. एवढंच. पण द्यायचं म्हणजे कोणाला, ते मला कळलं.

खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत फेब्रुवारीत एका गुरुवारी दुपारी संपत होती. त्याच्या आधीचा आठवडा रेडिओवर दुसरं काही नव्हतंच. गेन्स जाणार, गेन्स आणि पुढच्या दोन वर्षांचे नवे खेळाडू निवडायचे हक्क जाणार, गेन्सला कोणी घेतच नाहीये. आमच्या गावाहून, गॅरीहून, माझी आई फोन करून विचारायची, "अरे, तू नक्की आहेस कुठल्या गावात?" मी हसायचो. बूट खोक्यात भरून ठेवले होते, एकच जोडी बाहेर ठेवून. टेव्हियन मला घेऊन गाडी चालवायला बसला की रेडिओ बंद करायचा.

"तुला पाठवायला लागले तर मी जाऊन सांगेन त्यांना," तो एकदा म्हणाला.

"काय सांगशील? जे लागेल ते, असं म्हणाला होतास."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच म्हणायचं होतं तुला. आणि बरोबर म्हणालास. गप गाडी चालव."

गुरुवारी सकाळी सराव होता. बाहेर पाऊस आणि बर्फ दोन्ही एकदम पडत होतं. आम्ही तीन विरुद्ध तीन खेळत असताना वरच्या ऑफिसाचं दार उघडलं आणि कोच फिन्ली जिना उतरून खाली आले. एरवी कोच लांबूनच ओरडतात. त्या दिवशी ते अगदी जवळ येईपर्यंत काही बोलले नाहीत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ब्रिग्जने, आमच्यातल्या सगळ्यात वाचाळ पोराने, माझ्या पाठीवर हात ठेवला. मी चेंडू खाली ठेवला आणि जिन्याकडे चालायला लागलो.

"तू नाही, एमरी," कोच म्हणाले. "टेव्हियन, वर चल."

टेव्हियन हसला. त्याला खरंच वाटलं की चेष्टा चालली आहे. मग त्याने कोचचा चेहरा पाहिला. मी खाली ठेवलेला चेंडू उतार नसतानाही कसा कोण जाणे घरंगळत भिंतीपर्यंत गेला, आणि आम्ही सगळे त्या चेंडूकडे बघत उभे राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळत नव्हतं. कोणीतरी "नाही, नाही, नाही," असं हळूच म्हणत होतं. तो मीच आहे हे मला उशिरा कळलं.

तो परत आला तेव्हा लॉकर रूममध्ये मी एकटाच होतो. तो बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. नाडीची गाठ आणखी घट्ट होत गेली. मी खाली बसून त्याचे बूट काढले.

"कोण येतंय?" मी विचारलं. अशा वेळी असलं विचारू नये, पण तोंडून गेलं.

"मॅडॉक्स," तो म्हणाला. "आणि बास्केटखाली खेळणारा त्यांचा तो लिथुआनियाचा सेंटर, रिमास. दोघंही." त्याने मोजे काढून बुटांत कोंबले. "चांगली अदलाबदल आहे, एमरी. मी त्यांच्या जागी असतो तर मीसुद्धा केली असती."

त्याच्या तोंडावर ना राग होता ना दुःख. गाडीने धडक दिल्यावर माणूस उठून आधी कपडे झटकतो ना, तसा तो दिसत होता.

हॅचरबाई स्वतः खाली आल्या. टेव्हियनशी त्या आधीच बोलल्या होत्या, आता त्यांना मला भेटायचं होतं. "तू हे दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक," त्या म्हणाल्या. "मी आधी तुझंच नाव पुढे केलं होतं. तू आणि नवे खेळाडू निवडायचे आपले पुढचे सगळे हक्क. त्यांनी घेतलं नाही. त्यांना ब्रूसार्डच हवा होता. नाहीतर फोन ठेवतो म्हणाले."

आपल्याला कोणी विकायला काढलं याचा धक्का बसावा, की कोणी घेतलं नाही याचा, तेही मला ठरवता येईना. "ठीक आहे, मॅडम," मी म्हणालो. शाळेत उशीर झाल्यावर म्हणायचो तसं.

टेव्हियनची गाडी मी चालवत त्याला घरी नेलं. मिस ओडेटना बातमी आधीच लागली होती. चर्चमधल्या कोणा बाईने फोन केला होता. त्या घराच्या दारात घरातल्या सपातांनिशी उभ्या होत्या. बर्फाचं पाणी सपातांत शिरलं होतं. हातात टेव्हियनचा ओला शर्ट होता, मशीनमधून अर्धवट काढलेला.

"कधी निघायचं?" त्यांनी विचारलं.

"आज संध्याकाळीच. उद्या तिथे सामना आहे."

"पण शर्ट ओले आहेत," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "शर्ट ओले आहेत रे सगळे." आणि तो पिळलेला शर्ट त्यांनी परत पिळला.

नोएलची शाळा जूनपर्यंत होती, ती मधेच सोडून चालणार नव्हतं. म्हणून मायलेकी लुइव्हिललाच राहिल्या, आणि ज्याच्यामागे त्या आल्या होत्या तो निघून गेला. विमानतळावर नोएल भावाशी एक शब्द बोलली नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "त्याने स्वतः मागितलं ना? स्वतःच्या तोंडाने?" मी हो म्हणालो.

शनिवारी मॅडॉक्स आणि रिमास सरावाला आले. रिमास सात फुटी, गोरापान, आल्याबरोबर सगळ्यांशी हात मिळवून खाली बसला आणि घोट्यांना चिकटपट्ट्या लावायला लागला. त्याच्यावर कोणाचा राग नव्हता. मॅडॉक्सवर होता. तो टेव्हियनच्या जागी खेळणार होता, आणि कोणी मुद्दाम केलं नाही, पण त्याला टेव्हियनचंच लॉकर दिलं गेलं होतं.

"काका," ब्रिग्ज मोठ्याने म्हणाला, "काठी कुठे ठेवलीत?"

"गाडीत आहे," मॅडॉक्स म्हणाला. "तुझ्यासाठीच आणलीय."

एरवी आम्ही हसलो असतो. सरावभर त्याला कोणी पास दिला नाही. तो मोकळा असायचा, हात पुढे करून उभा असायचा, आणि चेंडू दुसरीकडे जायचा. कोच शिट्टी मारून मारून थकले. मॅडॉक्सने तक्रार केली नाही. हात खाली घेऊन तो परत डिफेन्सला धावायचा, थोडा लंगडत.

नंतर तो फिजिओच्या खोलीत दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून बसला होता. मी घोट्याला बँडेज बांधून घ्यायला गेलो होतो. खोलीत आम्ही दोघंच. त्याने नुसती मान हलवली. मला ते सहन होईना.

"तुम्हाला माहीत आहे का," मी म्हणालो, "ज्याच्या बदल्यात तुम्ही आलात ना, त्यानेच तुम्हाला मागितलं होतं. नाव घेऊन. हॅचरबाईंच्या ऑफिसात जाऊन. मी तिथे होतो."

त्याच्या गुडघ्यावरची पिशवी घसरून फरशीवर पडली. त्याने ती उचलली नाही.

"काय म्हणालास?"

मी सगळं सांगितलं. 'मुके खेळता' हेसुद्धा. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, जणू मी त्याला कोणाच्या तरी अपघाताची बातमी देत होतो.

"माझ्या मुलीचं शाळेत नाटक होतं," तो शेवटी म्हणाला. "मी पहिल्या रांगेत. फोन बंद. बाहेर आलो तर दुसऱ्या एका मुलीचा बाप येऊन म्हणतो, लुइव्हिल चांगलं गाव आहे हो. मला कळेचना हा काय बोलतोय. मला त्यांनी शब्द दिला होता की तू इथेच संपवशील. मला वाटलं, टाकलं मला. विमानात ठरवलं होतं की हा हंगाम ढकलायचा आणि थांबायचं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि तू सांगतोस की कोणीतरी मला मागितलं होतं."

"हो."

"आणि त्यासाठी तो गेला."

"हो."

त्याने फरशीवरची पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "त्याचा नंबर दे."

त्यांचं काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी मी मिस ओडेटकडे गेलो, मागच्या दाराने, नेहमीसारखा, आणि उंबऱ्यातच थबकलो. टेव्हियनच्या खुर्चीत मॅडॉक्स बसला होता. गंबो खात होता. मिस ओडेट त्याला भात वाढत होत्या.

माझं डोकं फिरलं. "मिस ओडेट," मी म्हणालो, "हा माणूस कोण आहे माहितीय ना तुम्हाला?"

"मला माहितीय माझ्या घरात कोण आहे ते," त्या म्हणाल्या. "दार लाव, थंडी येतेय."

"पण त्याच्याच खुर्चीत—"

"बाळा, याच्या बायकोने काल रात्री माझ्या पोराला जेवायला घातलं. आठवडाभर रोज घालतेय. याच्या रिकाम्या गॅरेजवरच्या खोलीत तो राहतोय. मग मी याला हॉटेलातलं सँडविच खाऊ देऊ? माझ्या आईने मला असं शिकवलं नाही." त्यांनी वाडगा माझ्यासमोर आपटला. "हा मला आवडतो असं मी म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलं," मॅडॉक्सने दुजोरा दिला. "आल्या आल्या सांगितलं मला."

"तू खा," मिस ओडेट त्याला म्हणाल्या.

नोएल मात्र त्या दिवशी ताट घेऊन आपल्या खोलीत गेली. असे तीन-चार रविवार गेले, आणि मग एकदा खाली आली तेव्हा गणिताचं पुस्तक घेऊन आली. मॅडॉक्सच्या मोठ्या मुलीला तेच पुस्तक होतं म्हणे.

मॅडॉक्सने आम्हाला बोलायला शिकवलं. ऐकायला सोपं वाटतं. कोर्टवर जे काही दिसेल ते मोठ्याने सांगायचं: डावीकडून येतोय, मी घेतला, तू मागे हो. सुरुवातीला आम्हाला लाज वाटायची, प्रार्थनेत मोठ्याने गाताना वाटते तशी. तो सोडायचा नाही. सराव चालू असताना एखादा गप्प राहिला की तो खेळ थांबवून त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा आणि नुसता बघायचा. ब्रिग्जला तो म्हणाला, "लॉकर रूममध्ये तुझं तोंड बंद होत नाही आणि इथे उघडत नाही. उलट कर." रिमास एकटा न सांगता बोलायचा, पण अर्धं त्याच्या भाषेत, आणि आम्ही ते शब्द पाठ केले.

मी बाकावर बसलो नाही. उलट मॅडॉक्स शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू माझ्याकडे देऊ लागला. पहिल्यांदा दिला तेव्हा मी घाबरून परत त्याच्याकडे दिला. त्याने तो पुन्हा माझ्याकडे दिला. प्रेक्षक हसले. मी उडी घेतली, चेंडू आत गेला, आणि आम्ही पुढे असताना जिंकलो. त्यानंतर आम्ही जिंकतच गेलो असं नाही, पण हरण्यापेक्षा जास्त जिंकायला लागलो. पिशव्यावालं कुटुंब परत दिसलं नाही, किंवा दिसलं असेल तर उघड्या तोंडाने.

मार्चच्या मध्यावर, प्लेऑफसाठी आम्हाला थोडंच अंतर उरलेलं असताना, मॅडॉक्सने उडी मारून एक साधा रिबाउंड, रिंगवर आपटून उसळलेला चेंडू, घेतला. त्याला कोणी धक्का दिला नाही, जवळपास कोणी नव्हतंच. तो खाली आला आणि त्याचा डावा पाय त्याच्याखाली टिकलाच नाही. आवाज मी ऐकला. वाळलेली फांदी मोडावी तसा नाही, त्याहून ओला. अठरा हजार माणसं एकदम गप्प झाली. रिमासने टॉवेल पसरून त्याचा पाय लोकांपासून झाकला. मी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसलो.

स्ट्रेचरवर घेताना मॅडॉक्सने माझी जर्सी धरून मला खाली ओढलं. मला वाटलं काही निरोप देतोय.

"मगाशी," तो दात आवळून म्हणाला, "उजवीकडे तू उशिरा फिरलास. परत करू नकोस."

तो पुन्हा कधी खेळला नाही. आम्ही प्लेऑफला दोन सामने कमी पडलो. वर्तमानपत्रांनी हॅचरबाईंना फाडून खाल्लं: भविष्य विकून मोडका गुडघा आणला. सॅन डिएगोत टेव्हियन एकेका सामन्यात चाळीस-चाळीस गुण करत होता आणि इथल्या टीव्हीवर ते रोज दाखवायचे. मे महिन्यात संघाच्या मालकाने हॅचरबाईंना काढून टाकलं. सामान आवरायला आलेल्या बाईंना मी भेटलो. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा खुर्चीत बसलेलं पाहिलं. "मला वाटलं होतं, निदान एक वर्ष देतील," त्या म्हणाल्या, आणि टेबलाकडे अशा बघत राहिल्या की जणू ते टेबल दुसऱ्या कोणाचंच होतं. खरंच होतं आता.

लोक मला अजून विचारतात, ती अदलाबदल बरोबर होती का. पुढच्या हंगामात आम्ही प्लेऑफला गेलो, आणि मॅडॉक्स सहायक कोच म्हणून फिन्लींच्या बाजूला कोट घालून बसला होता. तो आला नसता तर आम्ही गेलो नसतो, हे मी शपथेवर सांगेन. टेव्हियन राहिला असता तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं, ते बहुतेक रेडिओवर बोलतात.

त्याच वर्षी, अदलाबदलीच्या वर्षी, जूनमध्ये नोएलची शाळा संपली आणि मिस ओडेट मुलाकडे जायला निघाल्या. सामान हलवायला मी, ब्रिग्ज आणि रिमास गेलो. मॅडॉक्स कुबड्या घेऊन ओट्यावर बसला आणि सोफा दारातून कसा काढायचा यावर हुकूम सोडत राहिला.

"तिरका करा. अरे, दुसरीकडून तिरका."

"काका, तुम्ही गप्प बसायला काय घ्याल?" ब्रिग्ज म्हणाला.

मिस ओडेट स्वयंपाकघरात पातेली कागदात गुंडाळत होत्या. मी शेवटचं खोकं उचलायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "परवा टेव्हियन तिथल्या जनरल मॅनेजरकडे गेला होता."

"कशाला?"

"तिथे आता सगळी पोरंच आहेत म्हणे. शिकवायला कोणी मोठं माणूस नाही. एखादा जाणता आणा, म्हणाला."

मी ते खोकं खाली ठेवलं आणि त्याच्यावरच बसलो.

"मी पण अशीच बसले होते," मिस ओडेट म्हणाल्या. "या खुर्चीत."

मी तिथूनच त्याला फोन लावला. "तू वेडा आहेस का? एकदा झालं ते पुरे नाही झालं?"

"आल्यापासून आम्ही हरतच आलो, भावा," टेव्हियन म्हणाला. त्याच्या मागे समुद्रपक्ष्यांचा गलका ऐकू येत होता. "तूच सांग, दुसरं काय करू?"

"गप्प बस. चाळीस गुण करतोस ना? करत राहा."

"चाळीस करूनच हरलो."

मी फोन मिस ओडेटकडे दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि एवढंच म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी पुन्हा घर हलवणार नाहीये, टेव्हियन. हे शेवटचं. आधीच सांगून ठेवते." मग ऐकता ऐकता त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी अ‍ॅप्रनने डोळे पुसले.

ट्रक पुढे गेला. मागून नोएल गाडी चालवत निघाली. नवीनच परवाना मिळाला होता, त्यामुळे मिस ओडेट एका हाताने दाराचं हँडल घट्ट धरून बसल्या होत्या. निघण्याआधी त्यांनी मॅडॉक्सच्या गालाला हात लावला होता. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण तो कुबड्या सावरत उठून उभा राहिला होता.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. ब्रिग्ज आणि रिमास आपापल्या वाटेने गेले. रिकाम्या घराच्या ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. दुपार टळून गेली होती आणि कोणी आम्हाला जेवायला बोलावणार नव्हतं.

"इथेच, पोर्टलंड वस्तीत, तळलेल्या माशाचं एक दुकान आहे," मी म्हणालो. "नदीच्या कडेला."

"चालता नाही येणार मला."

"गाडी आहे."

मी त्याच्या कुबड्या मागच्या सीटवर टाकल्या. पायाला जागा व्हावी म्हणून त्याने पुढची सीट मागे ढकलली, आणि आम्ही निघालो.